धमनीसाठी म्हणून घेतलेल्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल : तीन महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि एका नातेवाइकांच्या आग्रहावरून मी या कॅप्सूल तीन महिने घेतल्या. दहा कॅप्सूलच्या पट्टीला १९० रुपये पडतात. कॅप्सूल गडद तांबडी, मऊ आणि चांगली बोराएवढी असल्यामुळे घशात रेंगाळते. पट्टी उघडताच तेलकट वास येतो.

खोक्यातील माहितीपत्रक मात्र मन लावून लिहिलेले आहे. धमनीच्या अस्तराखाली अडकलेल्या एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक रेणूंमुळे ते बिघडते, ते गिळून पांढऱ्या पेशी फुगतात आणि त्यांचाच पुढे थर साचतो, ही त्यातील मांडणी बरोबर आहे. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे (एन्झाइम) म्हणजे अशा रेणूंविरुद्धची शरीराची स्वतःची संरक्षक फळी, हेही खरे. गफलत आहे ती ‘कॅप्सूलने ही फळी भक्कम होते’ या पुढच्या दाव्यात. विकराचा एकच रेणू स्वतः न झिजता असंख्य घातक रेणू निकामी करत राहतो, तर कॅप्सूलमधील ई जीवनसत्त्वाचा रेणू एकदोन झटापटींत खर्ची पडतो आणि त्याला पुन्हा उभे करायला क जीवनसत्त्व लागते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम हवेच असते. पण आहारातून ते पुरेसे मिळत असेल, तर वरून आणखी घेतल्याने विकर वाढत नाही.

शिवाय हा तर्क माणसांवर तपासून झालेला आहे. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई आणि क जीवनसत्त्व व बीटाकॅरोटीन (अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप) पाच वर्षे देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधाने मात्र स्पष्ट फायदा दाखवला. मला अधिक खटकली ती २००१ मधील १६० रुग्णांची लहान चाचणी, कारण तिच्यातील ई, क, बीटाकॅरोटीन आणि सेलेनियम हे चारही घटक माझ्या पट्टीवर छापलेले आहेत. सिम्व्हास्टॅटिन आणि नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) घेणाऱ्यांच्या धमन्यांचे अरुंदपण किंचित ओसरले होते. त्यांच्या जोडीला हे चार घटक दिल्यावर तो लाभ बोथट झाला. माहितीपत्रकात यातील एक अक्षरही नाही.

दुसऱ्या महिन्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधे चालू असल्याने दोष कॅप्सूलचाच, असे मी म्हणणार नाही. परंतु मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्वाने रक्तस्राव वाढू शकतो, ही सूचना खोक्यावर असायला हवी होती. हृदयरोगतज्ज्ञांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, स्टॅटिन तशीच चालू ठेवायला सांगितली आणि ही कॅप्सूल बंद केली.

पाचपैकी एक तारा, तोही माहितीपत्रकाच्या पहिल्या अर्ध्या पानासाठी. उरलेल्यांपैकी दोन अखंड पट्ट्या मेडिकलवाल्याने परत घेतल्या. तिसरी कापलेली होती, ती घेतली नाही.