घरातली ऑर्किड फुलावर असताना: फॅलेनॉप्सिस की डेंड्रोबियम?

गोव्यातल्या फ्लॅटमध्ये ठेवायला दोन्ही चालतात, पण फुलाच्या काळात त्यांचे लाड वेगळे.

फॅलेनॉप्सिसला थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीशी, पातळ पडद्याआड ती खूश. एकदा फुलली की दोन-तीन महिने हलत नाही. अडचण आहे फुलांचा दांडा येण्यातच. त्याला काही आठवडे गारवा लागतो, रात्री साधारण १८ अंशांच्या आसपास, आणि आपल्याकडे पणजी-मडगावला तो एसीच्या खोलीतच मिळतो. म्हणजे विजेचं बिल फुलांच्या खात्यात.

डेंड्रोबियमच्या बाजारातल्या बहुतेक संकरित जातींना उकाडा मानवतो. मात्र उजेड भरपूर हवा. पावसाळ्यात आभाळ गच्च असतं तेव्हा एलईडी दिवा दहा-बारा तास लावावा, नाहीतर कळ्या पिवळ्या पडून गळतात. कुंडीत माती नको. कोळसा आणि नारळाची सोडणं पुरे, ती काय, घरोघरी पडलेलीच असतात.

पावसाळी दमटपणा दोघींनाही बाधतो. पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके दिसले की बुरशी समजा: फुलांवर फवारा बंद, पंखा मंद चालू. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर टिपून घ्या, नाहीतर गाभाच कुजतो.

फुलं झडल्यावर फॅलेनॉप्सिसचा हिरवा दांडा मुळापासून छाटू नका. खालच्या पेऱ्यातून पुन्हा फुटू शकतो. डेंड्रोबियमच्या जुन्या, पानगळ झालेल्या कांड्याही राहू द्या.

एसी रोज चालत नसेल, तर माझं मत सरळ डेंड्रोबियमला.