मंत्रचळाची शंका आली, तर आधी कोणाकडे जावे? सोलापुरातील विद्यार्थ्यासाठी एक तुलना

जुळे सोलापुरात कॉट बेसिसवर राहणारा एक विद्यार्थी सकाळी खोलीला कुलूप लावतो, ओढून पाहतो, जिना उतरतो आणि फाटकापाशी पोचताच परत वर जातो. कुलूप लागलेलेच आहे हे त्याला वर जाण्याआधीही ठाऊक असते. तरीही ते आठ वेळा ओढल्याखेरीज धडधड थांबत नाही, आणि सात झाले की आठ असा घोळ पडला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिला तास बुडतो आणि मित्रांना तो बस चुकल्याचे सांगतो. आपल्या बाबतीत असे काही घडते आहे आणि हा ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार असावा, अशी शंका ज्याला आली आहे, त्याच्यापुढे कोणाला सांगावे हा प्रश्न उभा राहतो. सोलापुरात पर्याय कमी नाहीत. मात्र प्रत्येक ठिकाणी मिळणारी मदत वेगळी असते, आणि एका ठिकाणची अपेक्षा दुसऱ्या ठिकाणी ठेवली की पहिल्याच फेरीत मन खट्टू होते.

तुलना करण्याआधी या आजाराची एक खोच लक्षात घ्यावी लागते. नकोसा विचार येतो, त्याने जीव कासावीस होतो, तो शांत करण्यासाठी हात धुणे, तपासणे, मोजणे किंवा मनातल्या मनात जप करणे अशी कृती केली जाते, घटकाभर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यामुळेच पुढच्या वेळी कृतीची गरज अधिक पक्की होते. “काही होणार नाही ना?” असे दुसऱ्याला पुन्हा पुन्हा विचारणे हीसुद्धा तशीच एक कृती असते. त्यामुळे जो माणूस मायेने दहादा “नाही रे, काही होत नाही” म्हणतो, तो नकळत आजाराला खतपाणी घालतो. माझ्या मते ऐकून घेणारे माणूस आणि उपचार करणारे माणूस अशी दोन वेगळी माणसे शोधावीत. दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात घातली की बहुतेकदा दोन्ही बिघडतात.

ऐकून घेणाऱ्यांत घरचे पहिले येतात, कारण त्यांना बऱ्याचदा आधीच कळलेले असते. वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी आलेल्या या शहरात हात धुण्याचा मंत्रचळ लपून राहणे कठीणच असते: पुढच्या पाण्याला दोन दिवस असताना पिंप तळाला गेलेले आईला दिसते आणि बोलाचाली सुरू होते. घरच्यांचे बळ असे, की ते सोबत येतात, खर्च उचलतात आणि गोळ्यांची वेळ सांभाळतात. त्यांची अडचण अशी, की ते एक तर या प्रकाराला सोवळ्याचे, नीटनेटकेपणाचे नाव देऊन कौतुक करतात, नाही तर “मनावर घेऊ नकोस” म्हणून विषय संपवतात. आई-वडिलांपैकी कोणाशी बोलावे हे ठरत नसेल, तर वाद न घालता ऐकणाऱ्या मावशीला, काकाला किंवा थोरल्या बहिणीला निवडावे आणि मागणे नेमके ठेवावे: “मला डॉक्टरांना दाखवायचे आहे, तू फक्त बरोबर ये.” जवळचा मित्रही एवढे काम चांगले करतो, फक्त आपले कुलूप रोज तपासून देण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये.

महाविद्यालयातील शिक्षक आणि समुपदेशक यांच्यात फरक केला पाहिजे. वर्गशिक्षकांना आजाराचा तपशील सांगण्याची गरज नसते. हजेरी कमी पडत असेल किंवा उत्तरपत्रिकेतील एकच ओळ खोडून पुन्हा लिहिण्यात पेपरचा वेळ जात असेल, तर उपचार सुरू असल्याचे सांगणे पुरते. समुपदेशक जिथे खरोखर उपलब्ध आहेत, तिथे पैसे न मोजता आणि शहरभर न फिरता पहिले बोलणे होऊ शकते, आणि लाजणाऱ्या मुलाला हा मोठा आधार असतो. तरी त्यांचे प्रशिक्षण कशाचे आहे आणि आपले बोलणे प्राचार्यांपर्यंत किंवा घरी जाते का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. काहींच्या नकोशा विचारांचा विषय देवाची विटंबना, लैंगिक गोष्टी किंवा आपल्याच हातून जवळच्या माणसाला इजा होणे असा असतो. असे विचार ज्याला छळतात त्याला ते स्वतःलाच किळसवाणे वाटत असतात, हे मंत्रचळाच्या जाणकाराला समजते. न जाणणारा मात्र घाबरतो आणि उगाच गहजब होतो. अशा विचारांचा तपशील पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडेच उघड करावा.

कोणाच्याही समोर बसण्याचे धैर्य नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास चालते, आणि मराठीप्रमाणेच तेलुगू व कन्नडमध्येही बोलता येते. ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते अशा सोलापूरकरांची संख्या लहान नाही, आणि मनातली भीती माणूस शाळेच्या भाषेत नव्हे, घरच्या भाषेत अधिक मोकळेपणाने सांगतो. फोनवर दिशा मिळते. महिनोन्महिने चालणारा उपचार फोनवर पुरा होईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. फॅमिली डॉक्टरांचे स्थान याच्या जवळपासचे आहे. घरच्यांचा त्यांच्यावर विश्वास असतो, आणि “याला तज्ज्ञाकडे न्या” हे त्यांचे एक वाक्य मुलाच्या दहा विनवण्यांपेक्षा अधिक चालते. त्यांनी नुसती झोपेची गोळी लिहून दिली, तर तिच्यावर थांबू नये.

खरा निर्णय सरकारी रुग्णालय की खासगी दवाखाना, हा असतो. ज्याला सगळे ‘सिव्हिल’ म्हणतात ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, आणि तेथे मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात जाता येते, खर्च खासगीच्या मानाने नगण्य असतो आणि इतर तपासण्या त्याच आवारात होतात. शिकाऊ निवासी डॉक्टर आधी सविस्तर माहिती घेतात आणि मग वरिष्ठ पाहतात. तीच गोष्ट दोनदा सांगण्याचा काहींना कंटाळा येतो, परंतु घाईत राहून गेलेले दुसऱ्या वेळी आठवते, हाही अनुभव आहे. उणी बाजू गर्दीची: पुढच्या भेटीत तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नसते आणि रांगेत ओळखीचे कोणी दिसेल ही धास्ती मुलांना डॉक्टरांपेक्षाही जास्त वाटते. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे वेळ ठरवून जाता येते, डॉक्टर तेच राहतात आणि संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर जाणे जमते. तेथे शुल्क दर भेटीला द्यावे लागते, आणि हा उपचार दोन-तीन भेटींत आटोपणारा नसल्याने पहिल्या नव्हे, सहाव्या भेटीचा खर्च झेपेल का हे आधीच पाहावे. दोन्ही ठिकाणी औषधे साधारण त्याच गटातली, म्हणजे फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी असतात. त्यांचा परिणाम दिसायला अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात, त्यांचे व्यसन लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करायची नसतात. पंचविशीच्या आतील रुग्णाने सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांची पुढची भेट चुकवू नये, कारण या काळात क्वचित बेचैनी किंवा आत्मघाताचे विचार वाढू शकतात. म्हणून पुढच्या महिन्यात परीक्षा आहे आणि हातात पैसे नाहीत, अशा वेळी खासगीसाठी पैसे साठण्याची वाट पाहण्यापेक्षा या आठवड्यात सिव्हिल गाठणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिला वैद्यकीय डॉक्टर असतो, निदान करतो आणि औषध लिहितो. दुसरा औषध देत नाही. पण मंत्रचळावरची सर्वांत परिणामकारक मानसोपचार पद्धत, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरे जाऊन नेहमीची कृती रोखून धरण्याचा सराव, बहुधा त्याच्याकडेच होतो. कुलपाच्या उदाहरणात पहिल्या आठवड्यात आठऐवजी चार वेळा, मग एकदा, आणि अखेरीस कुलूप लावून मागे न पाहता चौकापर्यंत चालत जाणे व जीवाची घालमेल आपोआप ओसरू देणे, असा तो चालतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे काम करण्यासाठी प्रशिक्षित असतात. नोंदणी आहे का आणि हा सराव करून घेता का, असे दोन प्रश्न सरळ विचारावेत. नुसते मन मोकळे करून घेणारी सत्रे कितीही सुखद वाटली, तरी मंत्रचळावर तेवढ्याने भागत नाही. निदान आधी आणि सराव नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. दोन-तीन उपचार करूनही आजार हटत नसेल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

देवऋषी, ताईत आणि उतारा यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन ज्याला शांत वाटते त्याने जरूर जावे. मात्र तळ्याला प्रदक्षिणा ठरावीक संख्येतच झाली पाहिजे असा धाक वाटू लागला, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

अकरावी-बारावीतला विद्यार्थी अठरा वर्षांच्या आतला असल्याने त्याला पालकांना बरोबर न्यावेच लागेल. त्याच्यासाठी घरच्यांशी बोलणे ही पहिली पायरी आहे. पदवीचा विद्यार्थी एकटा जाऊ शकतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती, काही अपवाद वगळता, गोपनीय ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. शिक्षकांवर किंवा मित्रांवर या कायद्याचे बंधन नाही. जीव द्यावासा वाटत असेल, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवून कोणाला तरी सोबत घ्यावे आणि थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात जावे.

जाताना वहीचे एक पान बरोबर असावे: कोणता विचार येतो, त्यानंतर काय करावे लागते, दिवसाचा किती वेळ जातो, काय करायचे टाळले जाते आणि हे कधीपासून चालू आहे. रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल, तर तो आकडा ठळक लिहावा, कारण निदानात तो पाहिला जातो. लिहिताना एखादी ओळ वेडीवाकडी झाली आणि पान फाडून पहिल्यापासून लिहावेसे वाटले, तर पान फाडू नये. खाडाखोडीसकट तेच डॉक्टरांपुढे ठेवावे.