पिंगपाँग बार की ब्रायंट पार्क? न्यूयॉर्कमधल्या एका संध्याकाळचे दोन बेत

जर्सी सिटीहून सहा जण शुक्रवारी संध्याकाळी मॅनहॅटनला निघालेत. दोघांना टेबल टेनिस चांगलं येतं, चौघांनी शाळा सुटल्यापासून बॅट हातात धरलेली नाही, आणि सहातल्या दोघी शाकाहारी. बेत दोन आहेत. पिंगपाँग बारमध्ये तासाच्या हिशेबाने टेबल घ्यायचं आणि तिथेच बाओ (सारण भरलेले वाफवलेले मऊ पाव), कोरियन चिकन विंग्ज, एडामामेच्या शेंगा मागवत बसायचं. नाहीतर ब्रायंट पार्कात फुकट खेळायचं आणि मग चालत बत्तिसाव्या रस्त्यावरच्या कोरियाटाऊनमध्ये जेवायचं.

बार म्हटलं की आधी नाव येतं ते तेविसाव्या रस्त्यावरच्या स्पिनचं. 2009 साली ते सुरू झालं, अभिनेत्री सुझन सरँडन संस्थापकांपैकी एक. अशा ठिकाणी नवख्यांची मोठी सोय होते: चेंडूंची बादली भरलेली असते, त्यामुळे सुटलेल्या चेंडूमागे धावावं लागत नाही. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये निम्मा वेळ कपाटाखाली हात घालण्यातच जायचा.

पार्कात बॅट आणि चेंडू तिथलेच मिळतात, पैसे लागत नाहीत, पण हे काम दिवसाउजेडीचं आणि हवा धड असतानाचं. चेंडू 2.7 ग्रॅमचा. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी तो टेबलाच्या कडेवरून निसटतो. चांगलं खेळणाऱ्या दोघांना याचा राग येईल, चौघांना फरक पडणार नाही. शिवाय टेबलं मोजकी, त्यामुळे सहा जणांना लागोपाठ तासभर मिळेल हे धरून चालू नका.

चार जण डबल्स खेळताना उरलेल्या दोघांनी काय करायचं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे. बर्लिनच्या डॉक्टर पाँग नावाच्या बारमध्ये सगळे एकाच टेबलाभोवती गोल फिरतात. प्रत्येकाने एक फटका मारून पुढे सरकायचं, चुकला तो बाहेर. सहा जणांत हे फार रंगतं. तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत करून बघाच.

आता खाणं, ज्यावर माझं मत ठाम आहे. आशियाई वळणाचं पब-फूड बिअरबरोबर छान लागतं, पण बॅटशी त्याचं जमत नाही. एकदा एका बारमध्ये मित्राने गोचुजांगच्या, म्हणजे कोरियन मिरचीच्या लालभडक, चिकट चटणीत घोळवलेली विंग खाल्ली, बोटं नॅपकिनला पुसली आणि लगेच सर्व्हिसला उभा राहिला. दोन पॉइंट झाले नाहीत तोच बॅटच्या रबरावर अंगठ्याएवढा चकचकीत डाग दिसायला लागला. तिथे चेंडू लागला की पकडच नाही, टॉप स्पिन थेट जाळीत. त्याने रबरावर तोंडाची वाफ सोडून तळव्याने पुसून पाहिलं, तर तेल आणखी पसरलं. शेवटी बॅट बदलून घेतली. 1952 साली मुंबईत भरलेली जागतिक स्पर्धा जपानच्या हिरोजी सातोने स्पंजची बॅट घेऊन जिंकली. बॅटच्या पृष्ठभागावर खेळ किती अवलंबून असतो ते तेव्हाच दिसलं होतं.

म्हणून बारमध्ये जाणार असाल तर खेळताना फक्त एडामामे. मीठ लावून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्याच या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. दाणे दातांनी ओढून खायचे, बोटांना लागलं तर पाणी आणि मीठच. बाओ, विंग्ज, तळलेलं सगळं तास संपल्यावर. बाओ गार झाला की वातड होतो, त्यामुळे टेबल सोडायच्या दहा मिनिटं आधी ऑर्डर द्या.

शाकाहारी दोघींसाठी मात्र मी बारच्या मेनूवर विसंबणार नाही. किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुधा मासळी किंवा कोळंबीचं खारवण असतं, जपानी रश्श्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि भाज्यांवरही ऑयस्टर (कालवांचा) सॉस पडलेला असू शकतो. ‘व्हेज’ एवढंच विचारून भागत नाही, फिश सॉसचं वेगळं विचारावं लागतं. कोरियाटाऊनच्या बाजूला, पूर्व बत्तिसाव्या रस्त्यावर हानगावी हे पूर्ण शाकाहारी कोरियन रेस्टॉरंट आहे. तिथे चपला काढून बसायचं आणि निर्धास्त जेवायचं.

पैशांचं गणित सोपं आहे. बारमध्ये भाडं सहसा टेबलाचं असतं, माणशी नसतं. सहा जणांत ते झेपतं, दोघांना जड जातं. बिलावर 18–20 टक्के टिप धराच. मोठा ग्रुप असला की ती आधीच लावलेली असते, तेव्हा बिल नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.

या सहा जणांना मी एक तास बारमध्ये खेळून जेवायला बत्तिसाव्या रस्त्यावर जायला सांगेन. स्पिनजवळच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कातून वर चालत गेलं की पंधरा मिनिटांत पोचता. दोघंच असाल, मे-जूनची संध्याकाळ असेल आणि अजून उजेड असेल, तर ब्रायंट पार्क. तिथूनही कोरियाटाऊन दहाच ब्लॉक खाली. आणि जेवण कोरियाटाऊनमध्ये झालं तर जर्सी सिटीला परत नेणाऱ्या पाथ ट्रेनचं तेहतिसाव्या रस्त्याचं स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर, सिक्स्थ ॲव्हेन्यूवर आहे.