टॉवेल कारखान्याचा डेटाबेस: ऑफिसातला सर्व्हर की मुंबईतला क्लाउड?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले हल्ली एकच प्रश्न विचारतात. बिलिंग, सूत-साठा, मजुरी सगळं ज्यात आहे तो पोस्टग्रेस डेटाबेस ऑफिसातच ठेवायचा, की ॲमेझॉनच्या मुंबईतल्या आरडीएसवर (ॲमेझॉन चालवतं ती भाड्याची डेटाबेस-सेवा) न्यायचा?

वेगात ऑफिस पुढे आहे. जुनं सॉफ्टवेअर एक स्क्रीन उघडायला डेटाबेसला एकामागून एक दोनशे क्वेऱ्या (प्रश्न) मारत असेल आणि मुंबईच्या एका फेरीला २० मिलिसेकंद धरले, तर नुसत्या ये-जा करण्यात ४ सेकंद गेले. असं सॉफ्टवेअर ऑफिसात ठेवून एकटा डेटाबेस क्लाउडवर टाकू नका. आणि 'सर्व्हर स्लो झालाय' म्हणून नवा घेण्याआधी शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस स्वतःसाठी राखते ती मेमरी) बघा. मूळ सेटिंग १२८ एमबीचं असतं. १६ जीबी रॅमचं मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर ४ जीबी करून सर्व्हिस रीस्टार्ट करा.

बंद पडण्याचं गणित उलटं आहे. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे, त्यात वीज जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या. आरडीएसला मल्टी-एझेड (दुसऱ्या डेटासेंटरात कायम तयार प्रत) घेतलं तर दुसरी प्रत साधारण एक-दोन मिनिटांत ताबा घेते. बिल मात्र जवळपास दुप्पट होतं. शिवाय ऑफिसचं नेट गेलं की डिस्पॅच अडतो, म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइनही त्याच खर्चात धरा.

बॅकअपवर मात्र मी अडून बसतो. एका कारखान्यात रोज रात्री पीजी-डंप (डेटाबेसची फाइलमध्ये प्रत काढणारा प्रोग्रॅम) चालायचा, फोल्डरात तारखेवार फायली दिसायच्या. मी एक उघडली. शून्य बाइट. डिस्क दिवाळीतच भरली होती, त्यानंतरच्या सगळ्या फायली तशाच. आरडीएस ३५ दिवसांपर्यंतचे बॅकअप स्वतः ठेवतं आणि त्यातल्या हव्या त्या क्षणाला परत नेतं. वॉल आर्काइव्हिंग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद बाजूला साठवणं) लावून हे ऑफिसातही जमतं, पण महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून कालचं शेवटचं बिल दिसतंय का हे बघणारा माणूस लागतो.

सुरक्षेचं क्लाउडवर आपोआप होईल असं समजू नका. ५४३२ पोर्ट (पोस्टग्रेसचं नेटवर्कवरचं दार) जगाला उघडा, ॲप्लिकेशन मालक-युजरनेच (सगळं बदलू-पुसू शकणाऱ्या खात्याने) जोडलेलं, पासवर्ड सगळ्यांना पाठ: या चुका दोन्हीकडे सारख्याच महागात पडतात. आरडीएसवर पब्लिक ॲक्सेस बंद ठेवा आणि एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद साठवणं) डेटाबेस तयार करतानाच निवडा. नंतर ते थेट चालू करता येत नाही, स्नॅपशॉटवरून (डेटाबेसच्या त्या क्षणाच्या प्रतीवरून) नवा डेटाबेस उभा करावा लागतो.

माझं मत विचाराल तर, रिस्टोअर करून बघणारा माणूस पगारावर असेल तर ऑफिसातच ठेवा, नसेल तर मुंबईला न्या. न्यायचंच ठरलं तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, कामगार सुट्टीवर असताना न्या. जुन्या सर्व्हरवर नवी नोंद बंद करा, पण मार्चअखेरचे हिशोब जुळेपर्यंत तो पुसू नका.