चिबड कोपऱ्याचं काय करावं: निचरा, शेततळं की पाणथळ?

कृष्णा-पंचगंगेच्या ऊसपट्ट्यात अनेक शेतांच्या सखल टोकाला एक चिबड, म्हणजे पाणी साचून दलदलीचा झालेला, कोपरा असतो. तिथं पाय रुततो, ऊस पिवळा पडतो आणि घरात चर्चा सुरू होते.

शेततळ्याचा विषय लवकर आटोपतो. उन्हाळ्यासाठी पाणी साठवायला ते उत्तमच, पण चिबड जागेत वर चढलेलं भूजल खालून प्लॅस्टिकचा कागद उचलतं. शिवाय पाण्याला चिखलाचा स्पर्शच होत नसल्यानं वाहून आलेलं खत तिथं जिरत नाही.

जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र पाइपांचा निचरा मात्र खरोखर गुणाचा. मुळांना हवा मिळते, क्षार धुऊन निघतात, ऊस सुधारतो. पण एकदा पाइपाच्या तोंडाशी उभं राहून बघा. पाणी काचेसारखं नितळ, आणि खालचे ओढ्यातले दगड शेवाळानं बुळबुळीत. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या, उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. पिकानं न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन विरघळतं आणि पाइपातून थेट ओढ्याला मिळतं. नदीतल्या जलपर्णीला गावोगावच्या सांडपाण्याबरोबर हेही खाद्य मिळतं.

पाणथळात हेच पाणी रेंगाळतं. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू हवेत जातो. पाणकणसाची कुजणारी पानं त्या जिवाणूंचं अन्न. मातीच्या कणांना चिकटून आलेला स्फुरद (फॉस्फरस) संथ पाण्यात खाली बसतो. अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या शेतांचा निचरा अशा पाणथळांत सोडतात. पाणलोटाच्या अर्धा ते दोन टक्के जागा त्यासाठी ठेवतात, आणि त्या राज्याच्या धोरणात नायट्रेटमधली घट सरासरी ५२ टक्के धरली आहे. पाच एकरांना हा हिशेब एक ते चार गुंठ्यांचा होतो.

मर्यादाही आहेत. धो-धो पावसात पाणी न थांबता निघून जातं. स्फुरद गाळात साठतच राहतो. काही वर्षांनी तो गाळ काढून शेतात पसरावा लागतो. जलपर्णी शिरली तर दिसताक्षणी उपटा. डासांची भीती रास्त आहे, म्हणून थोडा भाग खोल ठेवून मासे टिकू द्या. चतुरांची पिल्लंही पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात. मग वंचक येतो, शेकाट्या येतो, पाणकोंबडी लव्हाळ्यात घरटं बांधते. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरलाही बंधाऱ्यामागं गाळ साचून उथळ पाणथळ तयार झालं, आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालं.

मला विचाराल तर पाइप टाकाच, पण त्याचं तोंड ओढ्यात सोडू नका. सर्वांत सखल दोन-चार गुंठे पाणथळाला द्या आणि निचरा त्यात उतरवा. पाइपाचं तोंड पाणथळाच्या पातळीपेक्षा वर राहील एवढा उतार मिळतो का, हे आधी मोजून घ्या. तो मिळत नसेल तर पाणी पाइपात तुंबेल आणि ऊस पुन्हा पिवळा पडेल.