हर्पिससाठी रक्ततपासणी की फोडाचा स्वॅब?
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पिशवी उचलली आणि कमरेपासून मांडीपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ गेली. अंगावर पुळीसुद्धा नाही. हर्पिसच्या (तोंडाशी किंवा गुप्तांगाशी फोड आणणाऱ्या विषाणूच्या) धास्तीने रक्त तपासायला दिलं, आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीर आधी बनवतं ती प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह! दोन रात्री झोप उडाली. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, आयजीएमवर भिस्त नको. आयजीजी (नंतर बनून टिकणारी प्रतिपिंडं) बरी, पण ती दिसायला 12 ते 16 आठवडेही लागतात, काठावरचा आकडा खोटा निघू शकतो, आणि कळ त्यामुळेच येते का, हे ती सांगत नाही.

स्वॅबची पीसीआर (फोडातला विषाणूच थेट शोधणारी तपासणी) जास्त खात्रीची, विषाणूचा प्रकारही कळतो. पण फोड हवा, तोही ताजा. माझी पसंती तरी स्वॅबलाच. (एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठले तर ती नागीण, तिथे 'वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो' असल्या गप्पा नकोत, 72 तासांत औषध.) फोड नाही, म्हणून कळीचं दुसरं कारण शोधायला तूर्त माझी साखर आणि बी-12 तपासायला दिलंय.