कुत्र्याला ठेवायचं कुठे, केनेलमध्ये की कुणाच्या घरी?

तिकिटं काढून झाली, बॅगा भरायला घेतल्या की मग आठवतं, अरे, याचं काय करायचं? मी केनेल (पैसे घेऊन बरीच कुत्री एकत्र सांभाळतात ती जागा) पण वापरलंय आणि होम बोर्डिंग (कुणाच्या तरी घरी ठेवणं) पण, दोन्ही एकाच कुत्र्यासाठी, तेव्हा माझं मत थोडं त्याच्या स्वभावाकडे झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आधी आवाजाचं बोलू, कारण तो बघायला गेल्यावर पटकन लक्षात येत नाही. केनेलमध्ये एकानं सुरुवात केली की सगळी लाईन भुंकायला लागते आणि तो आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो, त्यात कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा तिखट. दिवसभर माणसांच्या पायात पायात करणारं, सोफ्यावर झोपणारं कुत्रं तिथे पहिले एक-दोन दिवस खातच नाही, किंवा त्याला जुलाब होतात, खाण्यात काही वाईट गेलेलं नसतं, नुसत्या टेन्शननं होतं ते. आमच्याचं अगदी असंच झालं होतं. घरी ठेवलं तरी थोडंफार होतंच, पण तिथे निदान टीव्हीचा आवाज, स्वयंपाकघर, रात्री खोलीत माणूस असतो. बऱ्याच केनेलमध्ये रात्री कुणीच नसतं, हे स्पष्ट विचारून घ्या, सीसीटीव्ही आहे म्हणतील पण सीसीटीव्ही उठून पाणी देत नाही.

आता दुसरी बाजू. दार! चांगल्या केनेलला दोन गेट असतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाहीत, घराला मात्र बहुतेक वेळा एकच दार. आम्ही पहिल्यांदा ज्या घरी ठेवलं तिथे कुणीतरी पार्सल घ्यायला दार उघडलं आणि हा पायातून सटकला, तास-दीड तासानं सापडला तो नशिबानं. नवीन जागी पहिले दोन-तीन दिवस कुत्रं पळायच्या बेतातच असतं आणि अनोळखी माणसानं हाक मारली तर उलट आणखी लांब पळतं. त्यामुळे गळ्यात नंबरचा टॅग हवाच, मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) असेल तर तिच्या नोंदणीत दिलेला फोन नंबर अजून चालू आहे का तेही बघा.

आजारांच्या बाबतीत लोक सरळ म्हणतात की केनेल घाण, घर स्वच्छ. इतकं सोपं नाहीये. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गानं होणारा खोकला, जिथे जास्त कुत्री तिथे जास्त पसरतो हे खरं, खोकला दोन दिवसांनी सुरू होतो नाहीतर दोन आठवड्यांनी, म्हणजे बऱ्याचदा घरी आणल्यावरच. नाकात सोडायची लस निदान तीन दिवस आधी द्यावी लागते आणि इंजेक्शनवाली पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, म्हणजे आदल्या दिवशी व्हेटकडे धावून उपयोग नाही. पण पार्व्होचं, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या त्या जीवघेण्या आजाराचं, गणित उलटं आहे, तो विषाणू मातीत, गालिच्यात महिनोन्महिने टिकतो, साध्या फरशीच्या लिक्विडनं मरत नाही, ब्लीच लागतं, आणि केनेलची सिमेंटची फरशी ब्लीचनं धुता येते तशी घरातली गादी किंवा अंगणातली माती धुता येत नाही. म्हणून घर असो की केनेल, जो लसीकरणाचं कार्ड मागत नाही त्याच्याकडे ठेवूच नका. लस पूर्ण न झालेलं पिल्लू तर दोन्हीकडे नको, कुणाला तरी आपल्याच घरी येऊन राहायला सांगा.

इन्सुलिन किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर दवाखान्याला जोडलेलं केनेल मला जास्त बरं वाटतं. इन्सुलिन साधारण दर बारा तासांनी, खाण्याबरोबर द्यायचं असतं, आणि कुत्र्यानं खाल्लंच नाही तर काय करायचं हे शेजारच्या प्रेमळ काकूंनी ठरवायचं काम नाही. भांडकुदळ कुत्री, माजावर आलेली मादी, यांना पण वेगळी बंद खोलीच लागते.

आणि एक फसवणूक सांगते. होम बोर्डिंग म्हणतात आणि आत बारा कुत्री! ते घर नाही, जाळी आणि गेट नसलेलं केनेल आहे. एका वेळी किती ठेवता हा प्रश्न फोनवर विचारा, नंतर न सांगता जाऊन मोजा.

मोठ्या ट्रिपआधी एक रात्र ठेवून बघा, सोबत त्याचं नेहमीचंच खाणं द्या आणि न धुतलेलं पांघरूण द्या. फोटो बघून काही कळत नाही, दुसऱ्यांदा न्याल तेव्हा कळतं. आमच्यानं केनेलच्या गेटवर बसकण मारली होती, अक्षरशः ओढावं लागलं. आता जिथे ठेवतो तिथे पायऱ्या माझ्या आधी चढतो. त्या घराला आतून जाळीचं दुसरं दार आहे, ते मी आधी बघितलं, मग बाकीचं विचारलं.